पाच माणसांचं गरम पाणी

गिझर गळायला लागला तेव्हा रीडिंगकाकांना मनातून बरंच वाटलं. टाकीच्या बुडाला गंज चढला होता आणि तांबूस पाण्याचा थेंब दर अकरा सेकंदांनी बाथरूमच्या फरशीवर पडत होता. हे अकरा सेकंद काकांनी घड्याळ लावून मोजले होते. पाणीखात्यात पस्तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचून निवृत्त झालेल्या माणसाला गळतीकडे नुसतं बघत बसणं जमत नाही. रीडिंगकाका हे नाव त्या नोकरीतलंच. आधी लोक पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि बायको गेल्यानंतर दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नाही.

बरं वाटायचं कारण साधं होतं. लेकीला फोन करायला निमित्त मिळालं होतं. लेक बसनं साडेतीन तासांवर राहायची. नवरा, नववीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि स्वतःची नोकरी एवढ्यात ती पुरती अडकलेली. काका दर रविवारी फोन करत. मध्येच केला तर ती आधी घाबरून "काय झालं?" विचारायची, म्हणून ते मध्ये करत नसत.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. गिझर गेला."

"मग आता तसलाच घेऊ नका. तो जुना राक्षस नुसती वीज खातो. हीट पंपवाला घ्या, आमच्या शेजाऱ्यांनी बसवलाय. एक तृतीयांश विजेत भागतं म्हणतात."

"तू येतेस का बघायला?"

"गिझरमध्ये काय बघायचंय, बाबा? माणूस येतो, बसवून जातो."

काका "बरं" म्हणाले. पण फोन ठेवता ठेवता त्यांच्या मनात एक विचार येऊन बसला, आणि बसला तो उठेना.

दोन वर्षांपूर्वी लेक सगळ्यांना घेऊन आठ दिवस राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी गरम पाणी संपलं. निदान काकांच्या हिशेबी संपलं. आधी जावई, मग लेक, मग नात अशा अंघोळी झाल्या आणि धाकटा नातू अंगाला साबण तसाच ठेवून कुडकुडत बाहेर आला. जावई हसले. कोणी वावगं बोललं नाही. त्या दुपारी मात्र लेक म्हणाली, "ह्यांच्या भावाकडे जरा जाऊन येतो," आणि उरलेले दिवस ती मंडळी तिकडेच राहिली. तेव्हापासून ती यायची ती जेवणापुरती. सकाळच्या बसनं यायचं, संध्याकाळच्या बसनं परत. काकांनी ह्याचा खूप विचार केला होता. विचार करायला त्यांच्याकडे वेळ भरपूर होता. आणि प्रत्येक वेळी गाडी त्याच फलाटाला लागायची: गरम पाणी पुरलं नाही.

आता टाकी नवी येणार होती. ती मोठी आली, तर लेकीला राहायला न येण्याचं कारणच उरणार नव्हतं.

*

हीट पंप बसवणाऱ्या कंपनीकडून आली ती एक बाई. पन्नाशीची, दंडाला बळकट, खांद्यावर शिडी.

"माणूस येईल असं वाटलं होतं ना, काका?" ती दारातच म्हणाली. "सगळ्यांनाच वाटतं. मी शिडी चढले की विसरतात."

फिटरबाईंनी जुना गिझर खालून वर पाहिला आणि त्या चुकचुकल्या. "ह्याचे दिवस कधीच भरलेत. हा रात्रंदिवस पाणी तापवत बसतो, कोणी वापरो न वापरो. नव्याचं तसं नाही. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो की नाही? हा बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात घालतो. सावकाश तापवतो, पण थोडक्यात भागवतो."

"किती लिटर?"

"तेच तर ठरवायचंय. शंभरची टाकी आहे, ती भिंतीवर बसते. अडीचशेची आहे, ती मागच्या खोलीत जमिनीवर उभी करावी लागेल. माणसं मोजून टाकी घ्यायची असते. लहान घेतली तर पाणी पुरत नाही. उगाच मोठी घेतली तर एका तांब्यासाठी अख्खी विहीर तापवल्यासारखं. मग वाचलेली वीज गेली कुठं? घरात माणसं किती?"

काकांनी मनातल्या मनात मोजलं.

"पाच."

फिटरबाई तेव्हा बाथरूममध्येच उभ्या होत्या. समोर एक टॉवेल, एक ब्रश, साबणाची एक वडी. बाहेर येताना त्यांनी चपलांच्या कपाटाकडेही नजर टाकली. पण बोलल्या एवढंच, "आमच्याकडं तोंडी आकडा चालत नाही, काका. हे नोंदयंत्र गरम पाण्याच्या पाइपला लावून जाते. कधी, किती लिटर गेलं, सगळं टिपून ठेवतं. आठ दिवसांनी वाचायचं आणि टाकी ठरवायची. तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा."

नोंदयंत्र काड्यापेटीएवढं होतं. त्यावर एक हिरवा दिवा होता. पस्तीस वर्षं काकांनी लोकांच्या घरातलं पाणी मोजलं, आणि आज पहिल्यांदा त्यांचं पाणी कोणी मोजणार होतं.

*

काका सरळमार्गी माणूस. नोकरीत एक आकडा खोटा लिहिला नाही, लिहिणाऱ्याला सोडलं नाही. त्यामुळे खोटेपणा करायची वेळ आली तेव्हा तोही त्यांनी शिस्तीतच केला.

सकाळी साडेसहाला ते स्वतः. सातला जावयांची पाळी. साडेसातला लेक, आठला नात, साडेआठला नातू. माणशी दोन बादल्या, बादली वीस लिटरची. गिझरला मध्ये तापायला अर्धा तास. पाणी नुसतं मोरीत सोडून देणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं, तो त्यांच्या लेखी गुन्हाच. म्हणून त्यांनी कामं शोधली. जावयांच्या पाण्यात पडदे धुतले. लेकीच्या पाण्यात तिच्या जुन्या खोलीतली गोधडी, उशांचे अभ्रे, पाच वर्षं पेटीत पडलेल्या चादरी. नातीच्या पाण्यानं खिडक्या. नातवाच्या पाण्यानं जिना, तळमजल्यापर्यंत, पायरी न् पायरी.

घर खायला उठतं म्हणतात, तसं बायको गेल्यापासून ते पाच वर्षं रोज सकाळी उठायचं. त्या आठवड्यात त्याला फुरसत मिळाली नाही. साडेसहापासून नऊपर्यंत नळ वाहत होता, बादल्या आपटत होत्या, दोरीवर कपडे मावत नव्हते. समोरच्या शेजारीणबाई तिसऱ्या दिवशी दारात थबकल्या.

"काय काका, जिना चकचकीत, दोरी भरलेली! पाहुणे आलेत वाटतं?"

"येणार आहेत," काका म्हणाले.

"लेक?"

"सगळेच."

"मग मजा आहे बाई तुमची," असं म्हणून त्या गेल्या, आणि काका धुतलेल्या जिन्यात बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांना खरंच मजा वाटत होती.

पाचव्या दिवशी एक गंमत झाली. नातवाची पाळी चालू होती. दुसरी बादली भरत आली असता काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "पुरे आता, सहा मिनिटं झाली." रिकाम्या बाथरूममध्ये आपलाच आवाज ऐकून ते दचकले. मग त्यांनी चाळीस लिटर पुरे केले आणि जिन्याकडे वळले.

*

नवव्या दिवशी फिटरबाई आल्या. नोंदयंत्र काढून त्यांनी लॅपटॉपला जोडलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पडद्यावर आठ दिवस एकाखाली एक उलगडले. प्रत्येक दिवसाला पाच काठ्या, कुंपणाला ठोकाव्यात तशा. साडेसहा, सात, साडेसात, आठ, साडेआठ. प्रत्येक काठी चाळीस लिटर उंच.

फिटरबाई काही बोलायच्या आत काकांचे कान तापले. हे चित्र त्यांच्या ओळखीचं होतं. नोकरीच्या शेवटी साहेब झाल्यावर त्यांच्याकडे रीडिंगची पुस्तकं तपासायला यायची. एखादा पठ्ठ्या घरोघर न हिंडता चहाच्या टपरीवर बसून आकडे भरायचा, तो काकांना पान उलटल्याबरोबर कळायचा. त्याचे आकडे फार शहाण्यासारखे वागायचे. खऱ्या घरातलं पाणी कधी असं रांगेत उभं राहत नाही.

"काका," फिटरबाई म्हणाल्या, "माझ्या घरात चार माणसं. एक सत्तर लिटर सांडतो, एक बारा लिटरमध्ये मांजरासारखा पुसून बाहेर येतो. रविवारी दहापर्यंत नळाला हात लागत नाही. तुमची ही पाच माणसं सैन्यात आहेत का?"

काका हसले नाहीत.

"पाणी कुठं गेलं एवढं?"

"पडदे धुतले. जिना धुतला."

"तरीच! वर येताना माझा पाय घसरता घसरता राहिला." त्यांनी लॅपटॉप अर्धा मिटला. "रागावू नका, पण मला खरं सांगा. मोठी टाकी कुणासाठी हवीय?"

काकांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वीची सकाळ, साबणासकट कुडकुडणारा नातू, भावाकडे हललेलं बिऱ्हाड. नोंदवहीतून वाचून दाखवावं तसं त्यांनी सांगितलं, वेळांसकट.

"आणि टाकी मोठी घेतली की ती राहायला येईल, असं ती म्हणाली?"

"ती कशाला म्हणेल? मला कळतं."

"विचारलंत का तिला?"

काका अर्ध्या मिटलेल्या लॅपटॉपकडे बघू लागले.

"मग आत्ता विचारा. मला भिंत ठोकून बघायचीय, मी मागच्या खोलीत आहे," असं म्हणून त्या गेल्या. ठोकण्याचा आवाज मात्र आला नाही.

काकांनी फोन लावला. दिवस मंगळवारचा.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. टाकी ठरवायचीय. मी अडीचशेची घेतोय. म्हणजे तुम्ही सगळे आलात तरी पाणी संपायचं नाही."

"अहो, एकट्यासाठी अडीचशे? काहीतरीच काय!"

"मागच्या वेळी संपलं होतं ना. म्हणून तर गेलात."

पलीकडून कचेरीतला कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा.

"बाबा, पाणी संपलं नव्हतं."

"संपलं होतं. पोर कुडकुडत होतं."

"तुम्ही दार ठोठावलंत म्हणून. 'सहा मिनिटं झाली' म्हणालात. त्यानं घाबरून नळ बंद केला आणि तसाच बाहेर पळाला. नळाला गरम पाणी होतं, मी हात लावून बघितलं."

काकांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली.

"ह्यांच्या वेळीही तुम्ही दाराबाहेर उभे होतात, घड्याळ घेऊन."

"जावई हसले होते."

"हसतील नाही तर काय करतील? सासऱ्यांना उलट बोलतील? खोलीत आल्यावर मला म्हणाले, तुझ्या बाबांच्या घरात मला मीटर लावल्यासारखं वाटतं. मला वाईट वाटलं, बाबा. पण मी लहानपणापासून तशीच अंघोळ केलीय ना, मला त्यात वेगळं काही वाटलंच नव्हतं. आईपण तशीच करायची. घाईघाईत."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलून काय उपयोग? आई सांगून सांगून दमली. पालथ्या घड्यावर पाणी."

मागच्या खोलीत फिटरबाईंच्या हातातून काहीतरी पडलं आणि त्यांनी ते गुपचूप उचललं. काकांनी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला. पस्तीस वर्षं ते लोकांच्या दारात उभे राहिले होते. दार वाजवायचं, आकडा घ्यायचा, पुढच्या दारी जायचं. कुणी आत या म्हणालं तर उभ्यानंच नको म्हणायचं. आपल्या घरातही आपण तसेच दाराबाहेर उभे राहत आलो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"तू ये," ते म्हणाले. "तुमच्या अंघोळी होईपर्यंत मी बाहेर जाऊन बसेन. बाकावर."

"काहीतरी बोलू नका, बाबा."

"खरंच बसेन."

"पुढच्या महिन्यात माझं तिकडं कचेरीचं काम निघेल बहुतेक," लेक म्हणाली. "एकटीच असेन. एक रात्र. बघते."

फोन बंद झाल्यावर फिटरबाई नाक पुसत बाहेर आल्या आणि भिंतीला ओल आहे असं म्हणाल्या. भिंत कोरडी ठणठणीत होती.

"बाई, शंभरचीच लावा," काका म्हणाले.

"ह्याला एक बटण असतं. पाहुणे आले की दाबायचं, मग जरा भराभर तापवतो. माणसं आली तरी अडत नाही काही. मी पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण तुम्ही पाच म्हणालात."

*

हीट पंप बसला. भिंतीवर पांढरी टाकी, शेजारी पंख्याची पेटी. दुपारच्या उबेत तो घुमायचा आणि मागच्या खोलीत गार हवा सोडायचा. काकांना रोज छत्तीस लिटर लागायचे. फिटरबाई बटणं समजावून, चहा पिऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता मी यायची ती वर्षानं. काही बिघडलं तर कळवा, आणि बिघडावं म्हणून काही करू नका."

पुढच्या महिन्यात लेक आली. संध्याकाळी साडेसातला, खांद्याला एक पिशवी. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्या घरात झोपणार होती. काकांनी धुतलेली गोधडी अंथरली. दोघं जेवली, मुलांच्या परीक्षांवर बोलली, शेजारीणबाईंच्या गुडघ्यांवर बोलली. टाकीचा विषय निघाला नाही. ती झोपायला जाताना काका म्हणाले, "सकाळी निवांत अंघोळ कर. मी नसेन मध्ये मध्ये." ती थकली होती, "हो" म्हणून आत गेली. परतीची बस साडेआठची.

सकाळी पावणेसातला बाथरूमचं दार लागलं. काकांनी आधी बटण दाबून ठेवलंच होतं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. फोनवरही वेळ दिसते म्हणून तोही तिथंच ठेवला. दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले. बाथरूमची खिडकी रस्त्याच्या अंगाला होती, तिथं थांबलं तर पाण्याचा आवाज आला असता आणि आवाज आला की त्यांनी मोजलं असतं. म्हणून ते इमारतीच्या मागच्या बाजूला गेले. तिथं पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटचा एक बाक होता.

थंडी होती. काका हात काखेत घालून बसले. झाली असेल का? त्यांनी स्वतःला दटावलं. बाईमाणूस आहे, केस धुवायचे असतील. घरी तिला कुठं सवड मिळते, सगळ्यांच्या मागे धावत असेल. थोडं थांबू. मग आणखी थोडं थांबू. कुणी मोजत नसेल तर माणसाला अंघोळीला किती वेळ लागतो, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. पुढच्या अंगाला एक रिक्षा येऊन गेल्याचा आवाज आला. ऊन टाकीच्या कडेवरून उतरून भिंतीवर आलं, भिंतीवरून त्यांच्या पायांशी. आता पुरेसं झालं असं वाटल्यावर त्यांनी तेवढंच आणखी थांबायचं ठरवलं.

वर आले तर दाराला कुलूप.

शेजारीणबाई किल्ली घेऊन बाहेर आल्या. "अहो, होतात कुठं? पोरीनं सगळीकडं शोधलं. जिन्यातून हाका मारल्या, माझ्या घरात बघितलं. शेवटी बस चुकेल म्हणून गेली बिचारी. डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या."

आत गोधडीची घडी केलेली होती. टेबलावर दोन कप होते. एक पिऊन झालेला, एक बशीनं झाकलेला. चहावर साय धरली होती. घड्याळात आठ पस्तीस झाले होते. तिनं वाटेतून केलेले सहा मिस्ड कॉल फोनवर होते.

काकांनी फोन लावला, लेकीनं पहिल्याच रिंगला उचलला. मागे बसचा घरघराट.

"बाबा! कुठं होतात तुम्ही? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता."

"मागं, बाकावर. तुझी अंघोळ..."

"म्हणजे खरंच जाऊन बसलात?"

"म्हणालो होतो ना."

"मी दहा मिनिटांत बाहेर आले होते, बाबा. म्हटलं तासभर बसू दोघं, गप्पा मारू. तुमच्याशी काही बोलायचंही होतं मला." कंडक्टर काहीतरी ओरडला. "पावणेदोन तास बसलात? ह्या थंडीत?"

"घड्याळ नव्हतं जवळ."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. ते हसणंच होतं की नाही हे बसच्या आवाजात काकांना कळलं नाही.

"काय बोलायचं होतं?"

"फोनवर नको. येईन तेव्हा." मग ती म्हणाली, "आणि पुढच्या वेळी घरातच बसा. आपल्या खुर्चीत. ऐकताय ना?"

"हो. पाणी कसं होतं?"

ती काही तरी म्हणाली, पण बस कुठल्याशा खोलगट भागातून जात असावी. आवाज तुटला आणि फोन बंद पडला. काकांनी पुन्हा लावला नाही. त्यांनी साय धरलेला चहा तसाच, गार, उभ्या उभ्या पिऊन टाकला. मागच्या खोलीतून घुमण्याचा आवाज येत होता. ह्या वेळी हीट पंप एरवी बंद असायचा. आज तिनं वापरलेल्या पाण्याच्या जागी आलेलं पाणी तो तापवत होता. काका कप हातात घेऊन तिकडं गेले आणि तो बंद होईपर्यंत त्याच्या गार वाऱ्यात उभे राहिले.